हौसाबाईला मिळालेला शब्द

हौसाबाईनं भर चौकात, दिवसाढवळ्या, पुतणीच्या क्लासचा फ्लेक्स विळ्यानं टराटरा फाडला, ही बातमी कारंज्याच्या भाजीबाजारात सकाळी मेथीच्या जुड्या सुटायच्या आत पोचली होती. दुपारपर्यंत विळ्याची कुऱ्हाड झाली. संध्याकाळी एसटी स्टँडवर जी आवृत्ती निघाली तिच्यात पुतणीच्या फोटोचे दोन्ही डोळे काढलेले होते, आणि हौसाबाई तोंड लपवून आसेगावला माहेरी निघून गेली होती.

आता खरं ऐका. विळा नव्हता, कुऱ्हाड नव्हती. हौसाबाईचं माहेर आसेगाव हे खरं, पण तिकडं ती गेल्या दिवाळीपासून फिरकलेली नाही. आणि फ्लेक्स अखंड आहे, चारी कोपऱ्यांच्या कड्यांसकट. तो हौसाबाईच्या मळ्यात मिरचीच्या रोपांवर सावलीला बांधलेला आहे. ज्याला पाहायचा त्यानं जाऊन पाहावा. फोटोची बाजू वर आहे. उन्हानं नाक जरा फिकं पडलंय, एवढंच.

पण बातमी उगाच उठत नाही. आळीला वाटत होतं की हौसाबाईनं काहीतरी फाडायला हवं. तिनं फाडलं नाही, तेव्हा लोकांनी आपापल्या मनानं फाडून घेतलं.

ही आळी म्हणजे कारंज्याच्या बाहेर, कापसाच्या जिनिंगच्या पलीकडं वसलेली भाजीवाल्यांची. घरं रस्त्याच्या अंगाला, मळे घरांना लागूनच. वांगी, पालक, मुळा, आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. पहाटे माल निघतो, दुपारी माणसं झोपतात, आणि चार वाजले की आळी पुन्हा जागी होऊन एकमेकांच्या घरात डोकावते. या आळीत हौसाबाई नांदायला आली ती नववी शिकून. देह लहान, आवाज मोठा. तिच्या नवऱ्याचं नाव चंपत. चंपत माणूस सोन्यासारखा. म्हणजे जिथं ठेवला तिथंच राहतो.

हौसाबाईला इंग्रजीची हौस होती. नावाप्रमाणंच म्हणा. एका भंगारवाल्याला टोपलीभर वांगी देऊन तिनं एक जाडजूड डिक्शनरी घेतली होती. पुठ्ठा गेलेला, आणि सुरुवातीची पानं कोणीतरी चुलीला लावलेली. त्यामुळं तिची इंग्रजी भाषा 'बी'पासून सुरू होत असे. 'अँग्री' हा शब्द तिला बरीच वर्षं ठाऊक नव्हता. 'क्रॉस' आणि 'फ्युरिअस' मात्र चांगले पाठ होते. उच्चार तिचे तिचेच. 'इंटेलिजंट' म्हणताना ती मधे श्वास घ्यायची.

हे खूळ तिच्यापुरतंच राहिलं असतं, पण धाकट्या दिराची मुलगी उज्ज्वला एक दिवस शाळेचं पुस्तक घेऊन रडत मळ्यात आली. पोरगी तिसरीत असेल. हौसाबाई तिची थोरली काकू, म्हणजे मोठीमाय, आणि चंपत मोठेबाबा. स्वतःला मूलबाळ नसल्यानं हौसाबाईचा सगळा जीव तिच्यावर.

"काय झालं वं?"

"हॅप्पी म्हंजे आनंदी. ग्लॅड म्हंजेबी आनंदी. चिअरफुल म्हंजेबी आनंदी. मंग तीन-तीन कायले पाठ करू?"

हौसाबाई वांगी तोडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "तुया मायले अन् मले, दोघीईलेबी लोकं या घरची सूनच म्हणतात ना? मंग आमी दोघी सारख्या आहो का?"

उज्ज्वलानं डोळे पुसून विचार केला. "नाही. तू लय बोलतं."

"हां. तसंच हाय हे. एका भावकीतले हायेत, पर चुली येगळ्या. आईक. हॅप्पी म्हंजे तुये मोठेबाबा, जेवण झाल्यावर. ग्लॅड म्हंजे शेजारची सुंदरबाई, पाहुणे गेल्यावर. अन् चिअरफुल म्हंजे आपला लखमा. त्याले कारणच लागत नाही."

लखमा आळीतला ऑटोवाला. भाजीची पोती आणि भाजीवाल्या बाया एकाच भाड्यात कोंबून शीळ घालत बाजार गाठतो. टायर पंक्चर झालं तरी शीळ चालू. उज्ज्वला खुदकन हसली आणि तीनही शब्द तिला जन्माचे पाठ झाले.

तिथून हे सुरू झालं. वांग्याच्या वाफ्यापाशी बांधावर आधी उज्ज्वला, मग तिच्या मैत्रिणी, मग आळीतले सगळे पोट्टे बसायला लागले. तेलाच्या डब्याचे पत्रे कापून हौसाबाईनं पाट्या केल्या, त्यांवर पांढऱ्या रंगानं शब्द लिहिले आणि काडीला बांधून वाफ्यांत रोवल्या. एका वाफ्यात एक भावकी. मुळ्याच्या वाफ्यात धावण्याचे शब्द, पालकात रागाचे. पाणी द्यायला गेलं की पोरं पाण्याबरोबर शब्द वाचत पुढं सरकायची. आणि प्रत्येक शब्दाला आळीतलं एक माणूस ठरलेलं.

"आयडल अन् लेझी," ती खड्या आवाजात विचारायची, "फरक कोण सांगते?"

पोरं एका सुरात ओरडायची, "लाइट गेली, पंप बंद, मोठेबाबा बसले, ते आयडल! लाइट आली, तरी मोठेबाबा बसले, ते लेझी!"

चंपत बाजेवरून हात उंच करून हजेरी लावायचा. त्याला वाईट वाटत नसे. तीन शब्द एकट्याला मिळालेला आळीतला तो एकमेव माणूस होता.

सगळ्यांना असं मोठं मन नसतं. शेषराव किराणावाला एकदा तावातावानं मळ्यात आला होता. "हौसावैनी, माया नातू मले घरात 'स्टिंजी' म्हणून राह्यला. हे काय शिकोता तुमी?"

"बापा, तुमचं नाव थ्रिफ्टीतच होतं," हौसाबाई म्हणाली. "थ्रिफ्टी म्हंजे चहात साखर कमी टाकणारा. मंग एक दिवस तुमी पाहुण्याच्याच कपात कमी टाकली, म्हून एक घर पुढं सरकोलं. अजून एक घर बाकी हाय. पाहुण्याले म्हणसान ना, 'तुमाले शुगर असन', त्या दिवशी मायझर."

शेषराव पाय आपटत गेला खरा, पण त्या महिन्यात त्याच्याकडं ज्यानं ज्यानं चहा घेतला त्यानं त्यानं सांगितलं की चहा पाकासारखा होता.

सुंदरबाईचं तसं नव्हतं. हौसाबाईच्या शेजारच्या ओट्यावर ती सकाळपासून बसलेली असते आणि रस्त्यानं काय जातं, कोण जातं, हातात काय नेतं, हे सगळं तिच्या डोळ्यांतून जातं. तिला 'वॉच' मिळाला होता. "सी म्हंजे डोळा उघडा होता म्हून दिसलं. लुक म्हंजे मान वळवून पाह्यलं. अन् वॉच म्हंजे सुंदरबाई." सुंदरबाईला हा बहुमान वाटायचा. "मले तं बाई सगळ्यात मोठा भेटला," असं ती नव्या सुनांना सांगायची.

फी अशी काही नव्हती. आमच्याकडं सावड चालते. आज तुम्ही माझ्या वावरात, उद्या मी तुमच्या. त्याच चालीवर, जिचं पोर हौसाबाईकडं शिकतं तिनं अधूनमधून येऊन हौसाबाईची निंदणी करायची, असं आपोआप ठरलं. बाया निंदायच्या, पोरं ओरडायची, चंपत बाजेवर असायचा. मळ्यात तण म्हणून राहिलं नाही.

आता एक नियम सांगतो, त्यावर पुढचं सगळं उभं आहे. आपला शब्द आपण घ्यायचा नाही. एकदा लखमानं हौसाबाईला गळ घातली होती की मला 'ब्रेव्ह'मध्येही घे. ती म्हणाली, "पाळण्यातलं लेकरू सोताचं नाव सोता सांगते का, गा? आत्या कानात सांगते, मंग ते नाव. अन् एकदा सांगतलं की सांगतलं." शब्द दुसऱ्यानं द्यायचा आणि मिळाला तो जन्मभर वागवायचा. ज्याला पटत नाही त्यानं शेषरावासारखी वागणूक बदलावी; शब्द बदलत नाही.

मग पोरांनी विचारायचंच ते विचारलं. "मोठीमाय, तुया शब्द कोणता?" आळीतल्या सगळ्या पोरांची ती मोठीमायच झाली होती.

"मले कोण देईन? म्या तुमाले शिकोते. मले देणारी तुमच्यातलीच पायजे."

"कोण मंग?"

हौसाबाईनं उज्ज्वलाकडं पाहिलं. "जे पह्यली आली ते."

उज्ज्वला तेव्हा सहावी-सातवीत असेल. तिथल्या तिथं द्यायला निघाली होती. हौसाबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "आता नको. मोठी हो, लय शब्द शिक. मंग पाहून-पारखून दे." आणि काडीला एक कोरी पाटी बांधून तिनं ती वांग्याच्या वाफ्याच्या तोंडाशी रोवली. ती पाटी वर्षानुवर्षं कोरीच राहिली. दर दिवाळीला हौसाबाई तिला नवा रंग द्यायची. वाफ्यातलं पीक बदललं, पाटी तिथंच.

उज्ज्वला मोठी झाली, कॉलेज झालं, पुण्याला दोन वर्षं राहून आली. येताना केस आखूड करून आली आणि 'मले'चं 'मला' करून आली. आळीनं दोन्ही गोष्टी चवीनं चघळल्या. हौसाबाईला त्याचं काही नव्हतं. गेल्या पाडव्याला उज्ज्वलानं स्टँडजवळ माडीवर एक हॉल घेऊन इंग्रजीचा क्लास काढायचं ठरवलं, तेव्हा आळीत सगळ्यांत जास्त कोण मिरवलं असेल तर हौसाबाई. उज्ज्वलानं पाट्या मागितल्या. हौसाबाईनं सगळ्या वाफ्यांतल्या पाट्या काड्यांवरून सोडून, धुऊन दिल्या. उज्ज्वला म्हणाली, "मोठीमाय, उद्घाटनाला तुझी पोरं पाठवशील? पाहुण्यांसमोर बोलतील, शोभा येईल." हौसाबाईनं आळीतलं एकूणएक पोर तेल लावून, भांग पाडून लखमाच्या ऑटोत भरलं.

कोरी पाटी तिनं दिली नव्हती. ती आदल्या दिवशी रंगवून, वाळवून, पिशवीत घालून तिनं स्वतःबरोबर घेतली होती.

कारण आळीत सगळ्यांना ठाऊक होतं, आज शब्द मिळणार. आठवडाभर दुसरा विषय नव्हता. लखमा म्हणत होता 'काइंड'. चंपत म्हणाला, 'लाउड' तरी नक्की. सुंदरबाई म्हणाली, "तुले 'प्राउड' भेटते पाह्य, आतापासूनच जमिनीवर पाय नाही तुया." हौसाबाई वरवर हसत होती. पण सुंदरबाईनं तिला विहिरीपाशी एकटीच उभी राहून मान खाली घालायची, मग हळूच वर करायची, अशी तालीम करताना पाहिलेलं आहे, आणि सुंदरबाईचं पाहणं म्हणजे साधं पाहणं नव्हे. मनातल्या मनात हौसाबाईनं आपला शब्द धरून ठेवला होता. डिक्शनरीत तो अगदी शेवटी, 'डब्ल्यू'त होता. 'वाइज'. चंपतजवळसुद्धा तिनं तो उच्चारला नव्हता.

हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या दोन रांगा पाहुण्यांच्या आणि शहरातल्या पालकांच्या. हौसाबाईला मधल्या रांगेत जागा मिळाली. जांभळं लुगडं, मांडीवर पिशवी. भिंतीवर तिच्याच पाट्या रिबिनी लावून टांगल्या होत्या, आणि त्या तिथं फार देखण्या दिसत होत्या. पोरं समोर सतरंजीवर.

उज्ज्वला बोलायला उभी राहिली. छान बोलली, खोटं कशाला सांगा. म्हणाली, मुलांना इंग्रजी शब्द पाठ होत नाहीत, कारण सगळ्यांचे अर्थ त्यांना एकच वाटतात. म्हणाली, शब्दांचीही कुटुंबं असतात, आणि प्रत्येक शब्दाला ओळखीचं माणूस जोडलं की तो विसरत नाही. हौसाबाईची मान तालमीतल्यासारखी खाली गेली.

"ही पद्धत," उज्ज्वला म्हणाली, "मला पुण्यात शिकत असताना सुचली."

हौसाबाईनं मान वर केली. तिला वाटलं, आता पुढं 'पण' येईल. पण 'पण' आला नाही. टाळ्या आल्या. शेजारी बसलेल्या चंपतनं तिच्याकडं पाहिलं. तिनं पिशवी घट्ट धरली आणि पुन्हा समोर पाहायला लागली. सुरुवात आहे, ती विचार करत होती. नाव शेवटी घेतात.

मग पाहुणे हसून म्हणाले, "मॅडम, एखादं उदाहरण होऊन जाऊ द्या."

"हो, सर. समजा, ज्ञानाविषयीचे शब्द घेतले. क्लेव्हर, वाइज, आणि उलट बाजूला इग्नोरंट. म्हणजे अज्ञानी." उज्ज्वलाची नजर हॉलभर फिरली आणि मधल्या रांगेवर थांबली. तिचा चेहरा एकदम मऊ झाला. हेच सगळ्यांत वाईट. "आज माझी मोठीमाय इथं बसली आहे. आयुष्य मळ्यात गेलं. शाळेचं तोंड पाहिलं नाही, इंग्रजीचा गंध नाही. इग्नोरंट म्हटलं की मला तीच आठवते. पण तिच्याच बांधावर बसून मी अभ्यास केला. मोठीमाय, जरा उभी राहा ना."

टाळ्या कडाडल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं तर डोळ्यांना रुमाल लावला.

हौसाबाई उभी राहिली. हात जोडले. चारी बाजूंना पाहून हसली. सतरंजीवरची पोरं मात्र टाळ्या वाजवत नव्हती; ती मागं वळून तिच्याकडं पाहत होती. त्यांना नियम माहीत होता. जी पहिली आली होती तिनं शब्द दिला होता.

डिक्शनरीतलं ते पान हौसाबाईला चांगलं ठाऊक होतं. हा शब्द तिनं आळीत कोणालाच दिला नव्हता. लखमाला सही येत नाही, त्यालाही नाही. पोरांनी विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, हा वाफ्यात लावायचा शब्द नाही, कोणाच्याच नावानं नाही. त्याची पाटीच तिनं कधी केली नव्हती.

परतताना लखमा चौकापर्यंत आला, जिनिंग गेलं, आळीचं वळण आलं, तरी त्याची शीळ निघाली नाही. शेवटी चंपतला राहवेना. "टाळ्या तं लय वाजल्या," तो म्हणाला.

"हो," हौसाबाई म्हणाली. "बसल्यावर म्या बी वाजोल्या."

कोरी पाटी तिनं घरी आल्यावर फळीवर पालथी ठेवली.

खरं तर एवढ्यावर मिटलं असतं. घरातलं माणूस घरात चुकतं, घरात निभतं. पण त्या टाळ्या आळीपर्यंत आल्या. आठवडाभरात बांधावर बसणारी पोरं निम्मी झाली, मग दोन-चार उरली, मग कोणीच नाही. क्लासला पंखे होते, टाय होता, ओळखपत्र गळ्यात होतं. वर्षानुवर्षं निंदणीला येणाऱ्या बाया रस्त्यात हौसाबाई दिसली की डोक्यावरचा पदर सारखा करायला लागायच्या. शेषरावाचा नातू गेला. ते एक समजण्यासारखं होतं. पण एका सकाळी सुंदरबाईची नात गळ्यात ओळखपत्र घालून ओट्यावरून उतरली, आणि हौसाबाई समोरच उभी होती.

"आमची सून ऐकत नाही वं," सुंदरबाई म्हणाली. "मी म्हटलं तिले, कायले, आपली हौसा हाय ना. तं ते म्हणते, आत्याबाई, ज्या बाईले तिच्या पुतणीनंच सगळ्याईसमोर..." आणि पुढचं तिनं गिळलं.

"बोल ना. शब्द हाय तो. भेटला मले."

सुंदरबाईनं मान दुसरीकडं वळवली. आळीच्या इतिहासात तिनं काही न पाहण्याची ती पहिली वेळ.

हौसाबाई ओरडली नाही, कोणाच्या दारात गेली नाही. मेथी काढली, मिरची टाकली. वाफ्यांत आता नुसत्या काड्या उभ्या होत्या. चंपतनं त्या उपटून चुलीला घालायचं म्हटलं, तर नको म्हणाली. पोरांच्या आवाजाशिवाय दुपार एवढी लांब झाली की चंपतची झोपसुद्धा मधेच संपायची. एकदा त्यानं बाजेवरूनच बरळल्यासारखं विचारलं, "आयडल अन् लेझीत फरक काय वं?" तिनं पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं.

आता फ्लेक्सचं. वैशाखात उज्ज्वलानं दिव्यांचा बोर्ड लावला आणि आधीचा फ्लेक्स माडीवरून काढून खाली टाकला. उज्ज्वला हाताची घडी घालून हसते आहे असा तो फ्लेक्स, चटईएवढा नव्हे, चांगला मांडवाएवढा. चंपत बाजारातून येत होता. खेड्यात फ्लेक्स कोणी टाकत नाही. गंजीवर घालतात, गोठ्याला लावतात, पापडाखाली अंथरतात. त्यानं विचारलं, नेऊ का? क्लासवाले म्हणाले, न्या. आयुष्यात पहिल्यांदा चंपतनं आपणहून काही उचलून आणलं, आणि त्यावर आळी आठवडाभर बोलली. बाहेर ऊन असं की मिरचीची रोपं माना टाकत होती. हौसाबाईनं फ्लेक्स उलगडला, क्षणभर पाहिला, आणि त्याच जुन्या काड्यांना चारी कोपरे बांधले.

ती बांधताना विळ्यानं सुतळी कापत होती. तेवढं सुंदरबाईनं दुरून पाहिलं. विळा बातमीत आला तो असा.

बातमी फिरत फिरत क्लासपर्यंत गेली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उज्ज्वला स्कूटीवरून थेट मळ्यात आली. ओट्यावर सुंदरबाई सरसावून बसली. लखमानं ऑटो उगाच पुसायला काढली.

"मोठीमाय, हे काय केलंस?"

"सावली."

"माझा फोटो आहे तो!"

"हो. लय मोठा हाय. दोन वाफे झाकले."

"लोक काय काय बोलतायत. तू फाडलास म्हणतात."

"ये, हात लावून पाह्य. कुठी फाटला?"

उज्ज्वलानं हात लावला नाही. ती बांधावर बसली, तिच्या जुन्या जागी. मग हलक्या आवाजात म्हणाली, "मला तुझी मदत हवी आहे. शब्द संपलेत माझ्याकडचे. पालकांना आळीतली माणसं गावंढळ वाटतात, म्हणून मी ती काढून चित्रं लावली. लेझीला अस्वल लावलं, आयडलला पण अस्वलच लावलं. मुलं विचारतात, मॅडम, दोन्ही अस्वलांत फरक काय? मला सांगता येत नाही."

बाजेवरून चंपत उठून बसला. आपल्या जागी अस्वल आल्याचं त्याला आत्ताच कळत होतं.

हौसाबाई रोपांना झारीनं पाणी देत होती. "सगळी माणसं काढली?"

"हो."

"मंग त्या शब्दाले मलेच तेवढी काहून ठेवली?"

उज्ज्वला बोलली तेव्हा पुण्याची भाषा गळून पडली होती. "तसं नोतं वं माह्या मनात. तूच सांग, मळ्यातल्या बाईनं शिकोलं असं म्हटलं असतं, तं पुढच्या रांगेतल्या एकानं तरी पोरगं पाठोलं असतं का? सुंदरबाईनं तरी पाठोलं असतं?"

हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच हौसाबाईला जास्त लागलं. तिनं झारी खाली ठेवली. ओट्यावर सुंदरबाई पदराशी चाळा करू लागली.

धीर येऊन उज्ज्वला जवळ सरकली. "आईक ना. शाळा उघडली की मोठा कार्यक्रम घेऊन राह्यली मी. तुले स्टेजवर बोलावतो, शाल देतो, अन् सगळ्याईसमोर दुसरा शब्द देतो. वाइज. मले माहीत हाय, तुले तोच पायजे होता. लहानपणी तू डिक्शनरी त्याच पानावर दुमडून ठेवत होती. तुया पाट्याबी आणून देतो. फक्त बाकीच्या भावक्या सांग मले."

चंपतनं बायकोकडं पाहिलं. लखमाचा हात काचेवर थांबला. आळीत त्या घटकेला एकही माणूस असं नव्हतं ज्याला वाटत नव्हतं की घ्यावा तो शब्द. एवढी वर्षं वाट पाहिलेला, चालून आला आहे.

हौसाबाई पुढं झाली. फ्लेक्सचा एक कोपरा सुटत आला होता, तो तिनं काडीला पुन्हा आवळून बांधला. फोटोतल्या चेहऱ्यावरची धूळ पदरानं पुसली. मग बांधावरच्या चेहऱ्याकडं वळली.

"बारशाले ठेवलेलं नाव कोणी मागून बदलून आणते का? राहू दे तोच शब्द, इग्नोरंट. मले माहीत नव्हतं, हे खरंच हाय. माहीत असतं, तं या वाफ्यापाशी बसवून तुले पह्यला शब्द कायले शिकोला असता?"